अमृत कोकमाच्या बाटलीवरचा इंग्रजी शब्द

आजची गोष्ट आमच्याच फजितीची आहे. सांगायला थोडी लाज वाटते, पण तुमच्यापैकी कितीतरी गट लोणची, पापड, सरबतं करून विकतात आणि बाटलीवर, पाकिटावर इंग्रजी छापून घेतात. म्हणून सांगतोच.

गेल्या मे महिन्यात आम्ही रातांबे फोडले आणि अमृत कोकम केलं. दरवर्षी करतोच. सालींच्या वाट्या करायच्या, त्यात साखर भरायची, बरणीत थरावर थर लावायचे आणि बरणी आठवडाभर उन्हात ठेवायची. साखर विरघळून लालभडक रस सुटतो. या खेपेला मुंबईच्या एका प्रदर्शनात स्टॉल मिळाला होता, म्हणून बाटल्या जरा नीटनेटक्या हव्यात असं ठरलं. एका छपाईवाल्याकडून रंगीत लेबलं करून घेतली. त्याने वर मराठीत ‘अमृत कोकम’ लिहिलं आणि खाली इंग्रजीत एक लांबलचक शब्द टाकला, त्याच्यापुढे कोकम सिरप. हे काय म्हणून विचारलं, तर म्हणाला, “चांगला शब्द आहे ताई, भारी दिसतो.” आम्ही गप्प बसलो. तीनशे लेबलं छापून घरी आली.

स्टॉलच्या तिसऱ्या दिवशी एक आजी आल्या. चष्मा लावून लेबल नीट वाचलं. मग बोट ठेवून विचारलं, “हे ॲम्ब्रो-ॲम्ब्रो काय घातलंय यात?” स्टॉलवर आमच्या काकी बसल्या होत्या. त्यांना वाटलं, कंपनीचं नाव असेल. तसंच त्यांनी सांगितलं. आजी म्हणाल्या, “कोकम कळलं, साखर कळली. पण जे तुम्हालाच सांगता येत नाही ते मी नातवंडांना कसं पाजू?” आणि बाटली जागेवर ठेवून गेल्या.

आजींचं काय चुकलं? काहीच नाही. हल्ली पाकिटांवर असली लांब नावं रंगांची आणि टिकवणाऱ्या द्रव्यांचीच असतात. त्यांना तो शब्द रसायनासारखा वाटला. रात्री मुक्कामावर काकी जेवल्या नाहीत. “आपल्याच बाटलीवर काय लिवलंय ते आपल्याला वाचता येत नाही,” एवढंच म्हणाल्या. गिऱ्हाईक गेल्याचं दुःख नव्हतं, हे होतं.

घरी परत आल्यावर आम्ही गटातल्या एकीच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला पकडलं आणि शब्दकोश काढायला लावला. त्यातून जे निघालं ते ऐकून सगळ्या चाट पडलो. तेच आज तुमच्यापुढे ठेवतो.

शब्द आहे ॲम्ब्रोझिअल. बोलताना तीन तुकडे करा, ॲम्, ब्रो, झिअल, आणि जोर मधल्या ‘ब्रो’वर द्या. ‘झ’ झाडातल्या ‘झ’सारखा. काही जण शेवट आखूड करून ‘ॲम्ब्रोझल’ म्हणतात, तेही चालतं. लिहिताना मात्र झेड अक्षर येत नाही, एस येतं. ए, एम, बी, आर, ओ, एस, आय, ए, एल. नऊ अक्षरं. आमच्या लेबलावर छपाईवाल्याने एस आणि आयची अदलाबदल केली होती, हेही तेव्हाच कळलं.

हे विशेषण आहे. चवीला किंवा वासाला लावतात. ‘इतकं रुचकर, इतकं सुवासिक, की जणू देवांसाठी केलेलं’ असा त्याचा अर्थ. रोजच्या बोलण्यात इंग्रज माणूस हा शब्द फारसा वापरत नाही. जेवण आवडलं तर तो ‘डेलिशस’ म्हणेल, ‘टेस्टी’ म्हणेल. हा शब्द कवितेतला आणि पुस्तकातला. मिल्टन नावाच्या इंग्रज कवीने 1667 साली छापलेल्या ‘पॅराडाइज लॉस्ट’ या महाकाव्यात स्वर्गात पसरलेल्या सुगंधाला हाच शब्द लावला आहे. आपल्याकडे रोजच्या बोलण्यात ‘चव छान आहे’ म्हणतो आणि कीर्तनात बुवा ‘अमृतमधुर’ म्हणतात, तसाच फरक समजा.

आणि अमृत हा शब्द आम्ही इथे सहज घातला नाही. ॲम्ब्रोझिअल हा शब्द ॲम्ब्रोझिया या ग्रीक शब्दावरून आला. ग्रीस म्हणजे युरोपातला जुना देश. तिथल्या जुन्या कथांत देव डोंगरावर राहत, आणि त्यांचं खाणं म्हणजे ॲम्ब्रोझिया, पिणं म्हणजे नेक्टर. हे खाल्लं-प्यालं की मरण नाही. समुद्रमंथनातून धन्वंतरी जो कलश घेऊन वर आला, त्याची आठवण झाली की नाही?

नुसती कथा सारखी आहे असं नाही, शब्दही एकच आहे. अमृत फोडून बघा. ‘अ’ म्हणजे नाही, ‘मृत’ म्हणजे मेलेलं. अ-मृत, ज्याला मरण नाही ते. ग्रीक शब्दातही पुढचा ‘अ’ नकाराचाच आहे, आणि उरलेला भाग मरणाचाच. आपलं मरण, मेला, मृत्यू, अमर हे शब्द आणि माणसाला ‘मर्त्य’ म्हणणारा इंग्रजीतला ‘मॉर्टल’, सगळी एका मुळाची पिल्लं. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या तिन्ही भाषा कुठल्यातरी एकाच जुन्या भाषेपासून निघाल्या असाव्यात, असं विल्यम जोन्स नावाच्या कलकत्त्यातल्या इंग्रज न्यायाधीशाने 1786 साली एका भाषणात सांगितलं. पुढे पंडितांनी शब्दांमागून शब्द जुळवून ते दाखवून दिलं. म्हणजे छपाईवाल्याने आमच्या लेबलावर काय केलं होतं? वर ‘अमृत’ लिहिलं आणि खाली अमृताचीच परदेशी वाढलेली चुलत बहीण आणून बसवली. त्याला ते माहीत होतं असं मात्र आम्हाला अजिबात वाटत नाही.

आता एक शंका उरते. अमृतात ‘ब’ नाही, मग ॲम्ब्रोझियात तो ‘ब’ आला कुठून? याचं उत्तर आपल्या रत्नागिरीत झाडाझाडाला लटकलेलं आहे. संस्कृतात फळाचं नाव आम्र. आपण म्हणतो आंबा. संस्कृतात ताम्र, आपण म्हणतो तांबं. आम्ल, त्यावरून आपलं आंबट. तिन्ही ठिकाणी मुळात ‘ब’ नव्हता. ‘आम्र’ हा शब्द मोठ्याने, भरभर दहा वेळा म्हणा. ‘म’ म्हणताना ओठ मिटलेले असतात. पुढचा ‘र’ म्हणण्यासाठी ते उघडतात, आणि उघडता उघडता मध्ये एक बारीकसा ‘ब’ फुटतो. हजारो तोंडांतून शेकडो वर्षं तो फुटत राहिला आणि शब्दात कायमचा बसला. ग्रीक लोकांच्या तोंडीही अगदी हेच झालं. त्यांच्याकडे ‘म’ आणि ‘र’ शेजारी आले आणि मध्ये ‘ब’ उगवला. आंबा आणि ॲम्ब्रोझिया हे एक शब्द नव्हेत, तो घोटाळा करू नका. पण दोघांतला ‘ब’ एकाच वाटेने आला. आम्ही हे बैठकीत म्हणून बघितलं तेव्हा बावीस बायका एका सुरात ‘आम्र आम्र आम्र’ म्हणत होत्या. बाहेरून जाणाऱ्यांना कसला जप चाललाय असं वाटलं असेल.

बरं, अमृत म्हटलं की आपल्याला चव आठवते. मग या इंग्रजी शब्दात वास कसा शिरला? तर ग्रीक देव ॲम्ब्रोझिया नुसतं खात नसत, अंगालाही लावत. होमर नावाच्या कवीची दोन महाकाव्यं आहेत, अडीच हजार वर्षांहून जुनी. त्यांतल्या ‘इलियड’मध्ये हेरा ही देवी नटायला बसते तेव्हा आधी ॲम्ब्रोझियाने अंग स्वच्छ करते, मग सुवासिक तेल लावते. आपल्या दिवाळीच्या उटण्यासारखंच.

दुसरं काव्य ‘ओडिसी’. त्यातला एक प्रसंग तर आपल्या मिरकरवाड्याच्या बंदरावर बसून ऐकावा असा आहे. मेनेलाओस नावाचा राजा लढाईवरून घरी परतताना इजिप्तजवळच्या एका बेटावर अडकतो. सुटकेची वाट फक्त समुद्रातल्या एका म्हाताऱ्या देवाला ठाऊक. हा देव दुपारी पाण्याबाहेर येऊन आपल्या सील नावाच्या जनावरांच्या कळपात झोपायचा. सील म्हणजे समुद्रात राहणारं, मासे खाऊन जगणारं, गुबगुबीत जनावर. त्या देवाचीच मुलगी राजाला मदत करते. राजा आणि त्याचे तीन सोबती यांना ती वाळूत खड्डे करून झोपवते आणि वरून सीलची नुकतीच सोललेली कातडी पांघरते, म्हणजे म्हाताऱ्याला ते कळपातलेच वाटतील. पण ताज्या कातड्यांचा वास! पुरुषांचा जीव जायची वेळ आली. तेव्हा तिने काय केलं, तर प्रत्येकाच्या नाकाखाली थोडं थोडं ॲम्ब्रोझिया लावलं. त्याच्या गोड सुगंधाने सगळी दुर्गंधी मारली आणि चौघे सकाळभर तिथे पडून राहिले.

हा प्रसंग ऐकवला तेव्हा मासळी विकणाऱ्या आमच्या एक मावशी म्हणाल्या, “म्हंजे त्या पोरीला सगळा अनुभव होता.” खरं आहे. हात कितीही धुतले तरी वास जात नाही आणि मग आपण लिंबाची फोड चोळतो, चिंच लावतो. ती देवाची मुलगी होती, तिच्याकडे ॲम्ब्रोझिया होतं, एवढाच फरक.

चव आणि वास एका शब्दात बांधले हे त्या जुन्या लोकांनी बरोबरच केलं, कारण तोंडात ती दोन वेगळी राहतच नाहीत. हे घरी करून बघा. डोळे मिटा, नाक चिमटीत घट्ट धरा आणि दुसरीला सांगा, आंब्याची एक फोड तोंडात घाल म्हणून. चावा. गोड लागेल, थोडं आंबट लागेल, पण आंबा आहे हे सांगता येणार नाही. आता नाक सोडा. एकदम हापूस येईल! जिभेला गोड, आंबट, खारट, कडू अशा थोड्याच चवी कळतात. बाकीचं सगळं काम नाकाचं. घास चावताना त्याचा वास घशाच्या मागच्या वाटेने नाकात चढतो, आणि आपल्याला वाटतं चव जिभेवर आहे. पडसं झालं की जेवण मचूळ लागतं ते यामुळेच.

हापूसच्या वासाचा पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत बारकाईने अभ्यास झालेला आहे. कैरीत टर्पिन जातीच्या वासांचा जोर असतो, तो झाडाच्या चिकाशी जुळणारा, जरा उग्र. फळ पिकायला लागलं की लॅक्टोन नावाची दुसरी द्रव्यं तयार होतात, गोड, सायीसारख्या वासाची. खोबऱ्याच्या वासातही याच जातीची द्रव्यं असतात. पेंढ्यात आढी लावल्यावर एक दिवस दार उघडताच सगळं घर भरून जातं, तेव्हा हेच घडलेलं असतं. सिंधुदुर्गापासून ठाणे-पालघरपर्यंतच्या कोकणातल्या हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला ते त्याच्या आधीच, 2016 साली मिळालं होतं. आंब्याच्या गाजावाजात कोकमाचं कुणी बोलत नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता खरं म्हणजे आम्हाला या इंग्रजी शब्दाची गरज किती? वासासाठी आपल्या भाषेत काय कमी आहे? भाजणी खमंग. रवा तुपात पडला की दरवळ. केवड्याचा घमघमाट. वाफाळत्या मोदकाला हळदीच्या पानाचा वास. पहिल्या पावसाचा मृद्गंध. बिघडलेल्यालाही आपण मोकळं सोडत नाही. तेल जुनं झालं तर खवट, कपडे दमट राहिले तर कुबट, दूध लागलं तर करपट, पीठ उतू गेलं तर आंबूस. नुसतं विशेषण ऐकून सासूला कळतं स्वयंपाकघरात काय झालंय. शिवाय आपण वासाला वस्तूचं नाव देतो. आंबेमोहर तांदूळ म्हणजे शिजताना आंब्याच्या मोहरासारखा वास येणारा. नुसत्या ‘सुवासिक तांदूळ’ने ते काम झालं नसतं.

त्यामानाने ॲम्ब्रोझिअल हा फार मोठा शब्द आहे. त्यात खमंगपणा नाही, कुरकुरीतपणा नाही. तिखट सारासाठी तो चालत नाही, सुक्या बोंबलांच्या चटणीसाठी तर नाहीच नाही. (ती देवांना आवडत नाही असं नव्हे, शब्दाचा रोख गोडव्याकडे आणि सुगंधाकडे आहे, इतकंच.) पिकलेला आंबा, पिकलेला कापा फणस, सोनचाफ्याची ओंजळ, केशर घातलेली खीर, सुरंगीचा वळेसर, अशांना तो शोभतो. आपला त्याच वजनाचा शब्द म्हणजे ‘अमृततुल्य’. पुण्यात तो चहाच्या दुकानांवर लिहिलेला असतो, हे तुम्ही पाहिलं असेल. तिथे तो इतका रुळला आहे की माणसं ‘चल, अमृततुल्यला जाऊ’ म्हणतात आणि अमृत कुणाच्या मनातही येत नाही. मोठे शब्द फार वापरले की असं होतं. अमेरिकेत तर संत्र्याच्या फोडी आणि किसलेलं खोबरं एकत्र करून नाताळात खातात, त्या पदार्थाचं नावच ॲम्ब्रोझिया आहे. आणि तिकडच्या एका रानटी तणालाही शास्त्रज्ञांनी ॲम्ब्रोझिया हेच नाव दिलं आहे, ज्याच्या परागाने माणसं शिंकून शिंकून हैराण होतात! आपण गुळवेलीला अमृता म्हणतो ते निदान गुण बघून म्हणतो.

मग लेबलाचं काय केलं? गटात यावरून दोन तट पडले. काही जणींना शब्द आवडला होता. आपल्याच अमृताचा आहे, तर राहू दे, स्पेलिंग सुधारून घेऊ. बाकीच्या म्हणाल्या, आजींना पुन्हा कोण समजावणार? आम्ही लेबलाचे नियम काढून वाचले, तेव्हा वाद बराचसा मिटला.

तुमच्याही कामाला येईल म्हणून सांगतो. पाकिटावरची सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत द्यावी लागते. मराठी त्याच्या जोडीला लिहिता येते, पण नुसती मराठी चालत नाही. म्हणजे इंग्रजीपासून सुटका नाही, तर ती समजून घेतलेली बरी. पदार्थाचं नाव असं हवं की आत काय आहे ते कळेल. घटक, वजन किंवा माप, तारखा, बनवणाऱ्याचा पत्ता, शाकाहारी असल्याची हिरवी खूण आणि एफएसएसएआयचा 14 अंकी क्रमांक हवा. आणि दाव्यांबद्दल 2018 चे नियम वेगळे आहेत. ताजं, नैसर्गिक, शुद्ध, पारंपरिक असे शब्द मनाला येतील तिथे लिहिता येत नाहीत, त्यांना अटी आहेत. आणि अमुक रोग बरा होतो असं तर सरबताच्या बाटलीवर लिहायचंच नाही.

इथे आमची दुसरी चूक उघड झाली. छपाईवाल्याने लेबलाच्या मागे ‘पित्तावर रामबाण’ असं इंग्रजीत छापलं होतं. तेही आम्ही वाचलं नव्हतं. जेवणानंतर कोकम घेतलं की बरं वाटतं, आपली आजीही देत होती. पण बाटलीवर औषधाची भाषा लिहिणं वेगळं. अमृत म्हणजे मरण टाळणारं, ॲम्ब्रोझिया म्हणजेही तेच. नावात आधीच एवढं वजन आहे. त्याच्या जोडीला रामबाण आला की गिऱ्हाईक काय समजेल? एखाद्या आजारी माणसाने गोळ्या सोडून साखरेचं सरबत प्यायला सुरुवात केली तर? आमच्यातल्या आशाताई गावात घरोघर जातात. त्या म्हणाल्या, असं करणारी माणसं मी पाहिली आहेत, साखरेचा आजार असलेलीसुद्धा. मग कुणी वाद घातला नाही.

‘अमृत कोकम’ हे नाव ठेवलं. ते आपल्या पदार्थाचं जुनं नाव आहे. मिठातलं ते आगळ, साखरेतलं ते अमृत कोकम, कोकणात हे पोरालाही कळतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कोकमाची एक जात काढली, तिचंही नाव ‘कोकण अमृता’. त्याच्याखाली इंग्रजीत आता साधं ‘स्वीट कोकम सिरप’ आहे आणि घटक मोठ्या अक्षरांत आहेत. मागची बाजू रिकामी होती, तिथे एका भागाला किती पाणी घालायचं ते लिहिलं.

उरलेली जुनी लेबलं फेकायला जीव होईना. ती कोरी बाजू वर करून बैठकीच्या हिशेबाला वापरतो. काकी मात्र त्यातलं एक घरी घेऊन गेल्या आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवलं. परवा त्यांच्याकडे गेलो तेव्हा चुलीवर नव्या तांदळाची पेज शिजत होती, वास पार ओटीपर्यंत आला होता. काकींनी डाव हातात धरून आम्हाला विचारलं, “काय गो, ह्येला ॲम्ब्रोझिअल म्हणायचं की नाय?” आमच्यातली एक म्हणाली, पेजेला कुणी म्हणत नाही. दुसरी म्हणाली, म्हटलं तर काय बिघडलं? वाद अजून चालू आहे. तुमच्या गटाचं मत पत्राने कळवा.